रस्त्याकडेची टोपलीवाली: मेरी जेन मॅनिगो यांच्या सन्मानाचं प्रकरण

१९८४ साली अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या सरकारी संस्थेने 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप'ची यादी जाहीर केली. लोककलांमधला हा त्या देशातला सर्वोच्च मान. जपानमध्ये १९५० च्या कायद्यापासून जिवंत कलावंतांना राष्ट्राचा ठेवा मानण्याची पद्धत आहे. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन अमेरिकेने १९८२ पासून ही फेलोशिप द्यायला सुरुवात केली होती. १९८४ च्या यादीत झायडेको संगीताचे बादशहा क्लिफ्टन शेनिये होते, गिटारवादक एलिझाबेथ कॉटन होत्या. आणि एक नाव होतं मेरी जेन मॅनिगो. साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन शहरापलीकडे माउंट प्लेझंट नावाचं गाव आहे. त्याच्या हद्दीला लागून असलेल्या हॅमलिन या वस्तीतल्या त्या बाई. जन्म १९१३, म्हणजे तेव्हा वय ७१. काम: गवताच्या टोपल्या शिवणे आणि विकणे.

या वाक्यातला 'विकणे' हा शब्द सन्मानाच्या कागदांत फारसा दिसत नाही. तिथे बाई 'कलावंत' असतात, 'परंपरेच्या वाहक' असतात. ते खरंच आहे. पण हे प्रकरण समजून घेताना मला वाटत गेलं, की या बायांनी समाजाला जे दिलं त्यातला अर्धा भाग विक्रीत आहे. गौरव करणाऱ्यांनी हात पाहिले आणि बसायची जागा पाहायला फार उशीर केला.

आधी टोपलीबद्दल, कारण ती आपल्या ओळखीची आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅरोलायनाच्या दलदलीच्या किनाऱ्यावर भाताचे मळे उभे राहिले ते गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांच्या कष्टावर. त्यांतले पुष्कळजण पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या भागातले, आजच्या सिएरा लिओन आणि सेनेगलच्या बाजूचे. भात लावणं, पाण्याची पातळी राखणं, उखळात सडणं आणि पाखडणं हे सगळं त्यांना येत होतं. पाखडायला लागतं सूप. आपलं सूप बांबूच्या कामट्यांचं, एका बाजूने उघडं. त्यांचं गोल, दोनेक फूट रुंदीचं, उथळ काठाचं, जाड लव्हाळ्यासारख्या गवताचं. काम मात्र तेच. तांदूळ उडवायचा, वाऱ्यावर कोंडा जाऊ द्यायचा. चार्ल्स्टनच्या मळेवाल्यांची संपत्ती ज्या तांदळावर उभी राहिली, तो दाणा न दाणा कधी ना कधी अशा सुपातून गेलेला आहे.

ही टोपली विणत नाहीत, शिवतात. तिथल्या बायांचा शब्दही तोच, आणि त्या तो आग्रहाने वापरतात. गवताची बोटभर जाडीची जुडी करायची, ती गोल गोल वळवत न्यायची आणि पामेट्टो नावाच्या ताडाच्या झापाच्या चिरलेल्या पट्टीने मागच्या वळशाला टाके घालत बांधायची. टाक्यासाठी भोक पाडणाऱ्या हत्याराला त्या 'बोन' म्हणतात, म्हणजे हाड. पूर्वी ते जनावराच्या बरगडीचं असे, पुढे चमच्याचा दांडा घासून केला जाऊ लागला. चांभाराच्या दाभणाचं काम ते करतं. लव्हाळ्याच्या जाड टोपल्या मळ्यावरच्या कामासाठी असत आणि त्या मुख्यतः पुरुष करत. स्वीटग्रास नावाच्या बारीक, सुगंधी, वाळल्यावर ताज्या कडब्यासारख्या वासाच्या गवताच्या नाजूक टोपल्या हे बायांचं काम. मधे मधे लाँगलीफ पाइनच्या तपकिरी सुया घालून पट्टे काढायचे. एका मध्यम टोपलीला कित्येक दिवस लागतात, मोठीला महिने.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वादळांनी आणि मजुरीच्या नव्या हिशेबाने भाताचे मळेही बुडाले. सुपाची गरज संपली. बहुतेक ठिकाणी कला इथेच संपते. माउंट प्लेझंटच्या आसपासच्या वस्त्यांत ती संपली नाही, याचं कारण बाजार आहे.

१९१६ च्या सुमाराला चार्ल्स्टनचे क्लेरेन्स लेजर्टन हे व्यापारी या टोपल्या घाऊक भावाने घेऊ लागले. किंग स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातून आणि टपालाने ते त्या अमेरिकाभर विकत. वस्तीच्या बाजूने व्यवहार पाहणारा माणूस होता हॅमलिनचा सॅम कोकली. मेरी जेनबाईंचं माहेर कोकलींचं. घरातच टोपल्या शिवल्या जात होत्या आणि त्या लहानपणी आईवडिलांच्या हाताखाली शिकल्या. शिकल्या म्हणजे कुणी वर्ग घेतला नाही. पोर पाच-सहा वर्षांचं झालं की तळाची पहिली गाठ त्याच्या हातात येते, चुकली की उसवून परत.

लेजर्टन यांच्यामुळे पैसा आला हे मान्य करायला हवं. भात गेला, शेती जेमतेम, अशा काळात डझनावर टोपल्या घेणारं गिऱ्हाईक म्हणजे आधारच. पण टोपली दुकानात पोचली की तिच्यामागची बाई नाहीशी होत होती. भाव घाऊक, किंमत दुकानदाराची, नाव कुणाचंच नाही. आज संग्रहालयांत त्या काळच्या देखण्या टोपल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर शिवणारीचं नाव नाही.

मग १९२९ मध्ये कूपर नदीवर पूल झाला. चार्ल्स्टन आणि माउंट प्लेझंट जोडले गेले, हायवे १७ पक्का झाला, उत्तरेकडून मोटारी घेऊन फ्लोरिडाला जाणारे प्रवासी या वस्त्यांच्या दारातून जाऊ लागले. आणि १९३० च्या आसपास कुणा बाईने रस्त्याच्या कडेला खुर्ची ठेवली, तिच्यावर टोपल्या मांडल्या. पहिली कोण, यावर वस्तीत एकाहून अधिक नावं घेतली जातात आणि प्रत्येक घराला आपल्या आजीचा अभिमान आहे. खुर्चीची पुढे लाकडी मांडणी झाली: चार खांब, आडव्या फळ्या, फळ्यांना ठोकलेले खिळे, खिळ्यांना लटकलेल्या टोपल्या, आणि सावलीत बसून पुढची टोपली शिवणारी बाई.

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त इथेच रेंगाळतो. वर्णभेदाचे कायदे जोरात असलेल्या दक्षिणेत, काळ्या बायांसमोर गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक किंवा शेतमजुरी हेच पर्याय असताना, या बायांनी मधला व्यापारी वगळून गिऱ्हाइकाशी थेट सौदा सुरू केला. भाव स्वतः सांगायचा. घासाघीस स्वतः करायची, नको तर टोपली परत खिळ्याला. गिऱ्हाईक काय उचलतं, काय परत ठेवतं हे डोळ्यांसमोर दिसत होतं, म्हणून आकार बदलत गेले: पावाची टोपली, झाकणाची शिवणटोपली, फुलांची, पर्ससारखी. जुन्या सुपातून नव्या वस्तू जन्माला आल्या त्या या ठेल्यांवर. शेजारच्या ठेल्यावरची बाई पाहायची, आपल्यात काही घालायची. त्यावरून कुरबुरीही होत, पण नमुने पसरत. पोरं शाळेतून आली की ठेल्यावरच बसायची, तिथेच पहिली गाठ शिकायची. म्हणजे ठेला हे दुकान होतं, कारखाना होता आणि शाळाही.

मेरी जेनबाईंचं आयुष्य या सगळ्या पल्ल्यावर पसरलेलं आहे. पूल झाला तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. घाऊक टोपल्यांचा काळ त्यांनी घरात पाहिला, रस्त्याकडेचा बाजार उभा राहताना पाहिला आणि त्यात त्या स्वतः उतरल्या. त्यांच्या हाताच्या टोपल्यांची सफाई, आकारावरची पकड यांची अभ्यासकांनी दखल घेतली ती १९७० नंतर, त्यांच्या साठीच्या आसपास. तोवर चाळीसएक वर्षं टोपल्या विकल्या जातच होत्या.

(आडनावाचा उच्चार चार्ल्स्टनच्या बाजूला 'मॅनिगो' असा करतात. लिहिताना शेवटी ल आणि ट येतात, म्हणून मराठीत 'मॅनिगॉल्ट' असंही दिसेल. बाईंच्या गावात जे म्हणतात ते मी ठेवलं आहे.)

तर १९८४. फेलोशिपसोबत त्या काळी ५,००० डॉलर मिळत. रक्कम छोटी नव्हती, पण आयुष्य बदलेल इतकी मोठीही नव्हती. खरा बदल दुसरीकडे झाला. गल्ला समाजाच्या माणसांना, म्हणजे या किनाऱ्यावरच्या आफ्रिकन वंशजांना, त्यांच्या बोलीवरून कित्येक पिढ्या चिडवलं गेलं होतं. ती स्वतंत्र भाषा आहे हे सोडून 'बिघडलेली इंग्रजी' म्हणून शाळेत मुलांना गप्प बसवलं जाई. त्यांची टोपली म्हणजे प्रवाशांनी घरी न्यायची गंमत. अशा समाजातल्या एका आजीला देशाने कलावंत म्हटलं. शिवणारीचं नाव, वस्तीचं नाव, शिकवणाऱ्या आईवडिलांची नोंद कागदावर आली. १९८६ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मॅककिसिक संग्रहालयाने या टोपल्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा टोपलीबरोबर बाईचं नाव असणं ही रीत झाली होती. ज्यांच्या आयांच्या टोपल्या निनावी गेल्या, त्यांच्यासाठी हे लहान नाही.

पण त्याच काळात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय चाललं होतं ते पाहा. १९८० मध्ये माउंट प्लेझंटची वस्ती जेमतेम १४-१५ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ९० हजारांवर गेली. समुद्रकिनाऱ्याची वाळूची टेकाडं आणि त्यांच्यामागची ओल, जिथे स्वीटग्रास उगवतं, तिथे फाटकबंद बंगल्यांच्या वसाहती आणि गोल्फची मैदानं उभी राहिली. ज्या जमिनीवर बापजाद्यांपासून पुरुष माणसं जाऊन गवत काढून आणत, तिथे आता पहारेकरी आणि 'आत येऊ नये'ची पाटी. हे गवत कापत नाहीत. हातमोजे घालून पात बुंध्यातून अलगद ओढून घेतात, झुडूप जिवंत राहतं आणि पुढच्या हंगामात परत देतं. म्हणजे नुकसान न करणारी काढणी, तरीही बंद. शिवणाऱ्यांना गवतासाठी जॉर्जिया आणि फ्लोरिडापर्यंत जावं लागू लागलं किंवा विकत घ्यावं लागलं. जे कधी फुकट होतं ते टोपलीच्या खर्चात आलं.

देशाने हाताला मान दिला होता. हाताला लागणारं गवत कुणाच्या खात्यात येतं, हे त्या मानपत्राच्या कक्षेत नव्हतं.

इथे मला त्या बायांचंच कौतुक जास्त वाटतं. १९८८ मध्ये या गवताच्या प्रश्नावर चार्ल्स्टनला परिषद झाली, तिच्यात वनस्पतीशास्त्रज्ञ होते, नगररचनावाले होते आणि शिवणाऱ्या बाया स्वतः बोलल्या. माउंट प्लेझंटच्या टोपली शिवणाऱ्यांची संघटना त्या सुमारास उभी राहिली. गवताची लागवड करून पाहण्याचे प्रयोग झाले, काही खाजगी जमिनींवर ठरावीक दिवशी गवत काढू देण्याची व्यवस्था झाली. लागवडीचं गवत शिवायला चांगलं का वाईट, हे वाफ्यात पाहून कळत नाही. पात लांब हवी, लवचिक हवी, वळताना तुटता कामा नये. ती परीक्षा शिवणारीचीच बोटं घेतात. प्रयोग करणाऱ्यांनी हे ऐकलं, हे त्यांच्या शहाणपणाचं.

आता रस्ता. २००६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने स्वीटग्रासची टोपली ही साउथ कॅरोलायनाची अधिकृत हस्तकला म्हणून जाहीर केली. त्याच वर्षी माउंट प्लेझंटमधल्या हायवे १७ च्या सुमारे सात मैलांच्या पट्ट्याला 'स्वीटग्रास बास्केट मेकर्स हायवे' हे नाव मिळालं. फेलोशिपनंतर २२ वर्षांनी, आणि पहिल्या खुर्चीनंतर पाऊणशे वर्षांनी. या वेळी पाटीवर कुण्या एकीचं नाव नव्हतं, सगळ्यांचं होतं. मला हा मान फेलोशिपपेक्षा मोठा वाटतो, कारण तो विक्रीच्या जागेला दिलेला आहे. या बायांनी हा रस्ता वापरला, त्याच्या कडेने एक बाजार जगवला, हे त्यात कबूल केलेलं आहे.

आणि मग काही वर्षांतच तोच रस्ता रुंद करायला घेतला. चौपदरी होता, सहापदरी झाला. ठेले हलवावे लागले. वाहनांचा वेग वाढला की माणूस थांबत नाही. एका बाजूने जाणारी गाडी मधला दुभाजक ओलांडून पलीकडच्या ठेल्यावर येईल कशी? टोपली दुरून दिसते, पण घ्यावीशी वाटते ती हातात धरल्यावर, वास घेतल्यावर, बाईशी दोन शब्द बोलल्यावर. ताशी पन्नास मैलांनी जाणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. गावाने काही केलं नाही असं मात्र नाही. ठेल्यांसाठी नियोजनात खास तरतूद झाली, गाड्या बाजूला घ्यायला जागा सोडल्या गेल्या. कूपर नदीवरच्या नव्या पुलाखालच्या बागेत टोपल्यांसाठी छत असलेला मांडव २००९ मध्ये उभा राहिला, तिथे सावली आहे, पर्यटक आहेत. पण बागेतला मांडव हा गावाने दिलेला, आणि रस्त्याकडेचा ठेला हा बाईच्या घरापासून चालत जायच्या अंतरावरचा, तिच्या आईने मांडलेला. पुष्कळजणी चार्ल्स्टनच्या जुन्या सिटी मार्केटमध्ये बसतात आणि चांगला धंदा करतात, मात्र तिथे जागेचं भाडं आहे आणि रोजची ये-जा.

जमिनीचाही एक धागा आहे आणि तो मराठी वाचकाला फार समजावून सांगावा लागणार नाही. गुलामीतून सुटलेल्यांनी १८६५ नंतर इथे तुकडे तुकडे जमीन घेतली. मृत्युपत्र करायची पद्धत नव्हती, वकिलावर विश्वास नव्हता. दोन-तीन पिढ्यांत एकेका तुकड्यावर पन्नास-शंभर वारस झाले, कुणी न्यूयॉर्कला, कुणी फिलाडेल्फियाला. सातबाऱ्यावर नावांची रांग असलेली आपली सामाईक जमीन डोळ्यांपुढे आणा. तिथला कायदा असा होता, की त्यातल्या कुणाही एका वारसाचा हिस्सा विकत घेतलेला बिल्डर कोर्टात वाटणी मागू शकतो आणि वाटणी जमत नाही म्हणून सगळी जमीन लिलावात काढायला लावू शकतो. किनाऱ्यावरच्या कितीतरी गल्ला कुटुंबांची घरं अशी गेली. ठेल्यामागचं घर गेलं की ठेलाही जातो. अशा कुटुंबांना वारसाची कागदपत्रं नीट करायला मदत करणारी संस्था चार्ल्स्टनमध्ये २००५ पासून काम करते आणि राज्याने २०१६ मध्ये कायदा बदलून इतर वारसांना आधी तो हिस्सा विकत घेण्याची संधी दिली. टोपलीच्या गौरवाच्या यादीत हा कायदा कुणी घेत नाही. माझ्या मते तो घ्यायला हवा.

आपल्याकडे आठवडी बाजारात सूप, रवळी, हारे, दुरड्या घेऊन बसणाऱ्या बुरूड आजीचा सत्कार करायचं कुण्या मंडळाच्या मनात आलं, तर शाल, श्रीफळ, मानपत्र हे एका संध्याकाळीत होतं. ते करावंच, तिच्या सुनानातवंडांनी ते पाहावं. पण तिला बांबू काय भावाने मिळतो? १९२७ च्या वनकायद्यात बांबू 'झाड' होता. खाजगी रानातला तोडून नेतानाही अडवणूक होई. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून काढला. त्याचा फायदा तिच्यापर्यंत आला का, हे तिलाच विचारायला हवं. आणि बाजाराच्या नव्या ओट्यांत तिला ओटा आहे का? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगरपालिकेच्या शहरात सर्वेक्षण करून विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि वर्षानुवर्षं भरत आलेल्या बाजाराचा विचार करूनच विक्रीच्या जागा ठरवायच्या असतात. सत्काराच्या समितीतल्या दोघांनी त्या आजीबरोबर पालिकेत एक सकाळ घालवली आणि ते प्रमाणपत्र काढून दिलं, तर शालीच्या घडीत ते ठेवता येईल.

मेरी जेन मॅनिगो २०१० मध्ये गेल्या. नव्वदी ओलांडून बरीच वर्षं झाली होती. त्याच वर्षीची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली माउंट प्लेझंटच्याच मेरी जॅक्सन यांना. त्यांना २००८ मध्ये मॅकआर्थर फेलोशिपही मिळालेली होती, पाच लाख डॉलरची. त्यांच्या टोपल्या आता कलादालनांत असतात. गवत काढायला मिळावं म्हणून जमीनमालकांशी बोलणी करणाऱ्यांत त्या पुढे होत्या.

हायवे १७ वर आजही ठेले आहेत, पूर्वीपेक्षा विरळ. दुपारी बाई घरी गेलेली असली की नुसती लाकडी चौकट उभी दिसते, फळ्यांवर खिळ्यांच्या रांगा.